गवताचे पैसे मार्चच्या हप्त्यासाठी अडकवू नका

अलिबागजवळच्या एका किनाऱ्यावर पर्यटकांना घोडे आणि घोडागाडी पुरवणाऱ्या 42 वर्षांच्या वाचकाचे पत्र डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आले. त्यांच्याकडे पाच घोडे आहेत. ऑक्टोबरात पाऊस रेंगाळल्यामुळे वरकस जमिनीवरचे कापलेले गवत भिजले, त्यामुळे चांगले सुके गवत यंदा कमी आहे आणि त्याचा भाव आताच किलोला 9 रुपये झाला आहे. गेल्या वर्षी मे महिन्यात त्यांनी 15 रुपये मोजले होते. म्हणून पत्नीच्या पाटल्या बँकेत गहाण ठेवून 80 हजारांचे कर्ज काढावे आणि वर्षभराचे गवत आताच भरावे, की दरमहा लागेल तसे घ्यावे, असा त्यांचा प्रश्न आहे. जास्तीचे गवत मे महिन्यात इतर घोडेवाल्यांना विकून व्याज भागेल, अशी आशाही त्यांनी व्यक्त केली आहे.

पत्राच्या शेवटी त्यांनी सहज लिहिले आहे: “खात्यात 1 लाख आहेत, पण ते मार्चच्या विम्याच्या हप्त्यासाठी ठेवले आहेत, त्यामुळे त्यांना हात लावता येत नाही.” वडिलांनी पावसाळ्याच्या तरतुदीसाठी ठेवलेली 2 लाखांची मुदत ठेव गेल्या मार्चमध्ये बँकेतल्या एका कर्मचाऱ्याने “तशीच ठेव आहे, फक्त परतावा जास्त” असे सांगून मोडायला लावली आणि एक विमा योजना विकली. ठेवीतला 1 लाख तिच्या पहिल्या हप्त्यात गेला. योजना दहा वार्षिक हप्त्यांची असून 15 वर्षांनी 15 लाख मिळणार आहेत.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे, म्हणून ते आधी देतो. साधारण 300 किलोच्या घोड्याला रोज 6 किलो सुके गवत लागते आणि सांडलवंड धरून 7 किलो. पाच घोड्यांचे रोजचे 35 किलो, म्हणजे महिन्याला एक टनाच्या आसपास. मे अखेरपर्यंत 6 टन लागतील. जून ते ऑक्टोबर ओल्या गवताची जोड मिळते, म्हणून त्या पाच महिन्यांचे निम्म्याने अडीच टन धरू. थोडी नासाडी गृहीत धरून 9 टन घेतले, तर आजच्या भावाने 81 हजार होतात. हेच गवत दरमहा सरासरी 13 रुपयांनी घेतले, तर 1 लाख 10 हजारांच्या पुढे जाईल. सोनेतारणाचे व्याज 10 टक्के धरले तरी वर्षाला 8 हजार, म्हणजे कर्ज काढूनही आताची खरेदी फायद्याची ठरते. परंतु तुम्हाला कर्जाची गरजच नाही, कारण 1 लाख रुपये तुमच्या खात्यात पडून आहेत आणि ते मुळात याच कामासाठी साठवलेले होते.

आता त्या विम्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण या पत्रातली खरी अडचण तीच आहे.

दहा वर्षे दरवर्षी 1 लाख भरून पंधराव्या वर्षाअखेर 15 लाख मिळणे म्हणजे वर्षाला जेमतेम 4 टक्के. तेवढीच रक्कम त्याच वेळापत्रकाने पीपीएफमध्ये, म्हणजे सरकारच्या सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीत भरली असती, तर सध्याच्या 7.1 टक्के दराने 21 लाखांच्या आसपास झाली असती. एखाद्या कुटुंबाच्या पावसाळ्याची ठेव मोडून तिला 4 टक्क्यांच्या योजनेत पंधरा वर्षे अडकवणे आणि त्याला “जास्त परतावा” म्हणणे ही दिशाभूल आहे, आणि अशी पत्रे वारंवार येत असल्याने याविषयी सौम्य शब्द वापरणे मला योग्य वाटत नाही.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे 2 लाखांच्या ठेवीतून दोनच हप्ते निघतात. तिसरा कशातून भरायचा, याचा उल्लेख तुमच्या पत्रात नाही, आणि तुम्हाला योजना विकणाऱ्यानेही तो विचारलेला दिसत नाही. घोड्यांचा खर्च आणि कामावरच्या दोन पोरांचे पगार वजा जाता तुमच्या हातात वर्षाला साडेतीन लाख उरतात, तेही ऑक्टोबर ते मे या हंगामात. जूनपासून किनारा रिकामा होतो, मांडव्याच्या प्रवासी लाँचा बंद राहतात, आणि घोडे मात्र रोज खातात. अशा घराने दरवर्षी मार्चमध्ये 1 लाख भरण्याचे बंधन पत्करणे म्हणजे उत्पन्नाचा चौथ्या भागाहून जास्त हिस्सा आधीच देऊन टाकणे होय. 2020 साली टाळेबंदीने उन्हाळी हंगाम बुडाला आणि पाठोपाठ 3 जूनला निसर्ग वादळ आले, ते वर्ष तुम्ही अनुभवले आहे; तशा वर्षी हा हप्ता कोठून आला असता, याचा विचार करा.

तुम्ही म्हणाल की पहिला लाख तर गेला, आता सोडले तर तो बुडेल. हाच विचार लोकांना अशा योजनांत वर्षानुवर्षे धरून ठेवतो, म्हणून त्याचाही हिशेब करू. पहिला लाख पूर्ण बुडाला असे धरले, तरी उरलेल्या नऊ हप्त्यांवर ही योजना पाच टक्क्यांच्या किंचित वर परतावा देते. तेच 9 लाख पीपीएफमध्ये गेले, तर योजनेच्या 15 लाखांऐवजी 18 लाख होतात. शिवाय पीपीएफला वर्षाला किमान 500 रुपये भरले तरी चालतात, त्यामुळे वाईट हंगामात खाते मोडत नाही.

प्रत्यक्षात पहिला लाख पूर्ण बुडण्याचे कारणही नाही. 1 ऑक्टोबर 2024 पासून लागू झालेल्या नियमांनुसार अशा नव्या पॉलिसीत एका पूर्ण वर्षाचा हप्ता भरलेला असेल आणि पहिले पॉलिसी वर्ष पूर्ण झाले असेल, तर विशेष समर्पण मूल्य, म्हणजे पॉलिसी मध्येच सोडल्यावर परत मिळणारी रक्कम, मिळते. तुमचे वर्ष मार्चमध्ये पूर्ण होते, म्हणून आज घाईने काही सोडू नका. मार्चनंतर किती रक्कम परत मिळेल, हे कंपनीकडून आताच लेखी मागवा. शाखेतल्या तोंडी आकड्यावर विसंबू नका.

त्याबरोबरच तक्रारही करा. प्रस्तावाच्या फॉर्मवर तुमचे उत्पन्न 9 लाख लिहिल्याचे तुम्ही ओघात सांगितले आहे, ही किरकोळ गोष्ट नाही. पहिल्या तीन वर्षांत कंपनी चुकीच्या माहितीच्या आधारे दावा नाकारू शकते, म्हणजे ज्या संरक्षणाच्या नावाने तुमच्याकडून पैसे घेतले, तेच संरक्षण या खोट्या आकड्याने डळमळीत झाले आहे. ठेव मोडल्याची पावती, फॉर्मची प्रत आणि पासबुकाची नोंद जोडून कंपनीकडे लेखी तक्रार द्या. एका महिन्यात उत्तर आले नाही किंवा समाधानकारक वाटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. तेथे शुल्क नाही आणि वकिलाचीही गरज नाही.

या पॉलिसीचे संरक्षण 10 लाखांचे आहे. पत्नी आणि शिकणारी दोन मुले असलेल्या घराला ते तीन वर्षेही पुरणार नाही. 25 लाखांचा शुद्ध मुदत विमा, म्हणजे बचत नसलेला, फक्त मृत्यूनंतर रक्कम देणारा विमा, तुमच्या वयाला वर्षाला दहा हजारांच्या आत-बाहेर मिळावा. त्यासाठी आयकर विवरणपत्र लागण्याची शक्यता आहे, म्हणून ते यंदापासून भरू लागा. तोवर बँकेतून वर्षाला 436 रुपयांची प्रधानमंत्री जीवनज्योती आणि 20 रुपयांची, फक्त अपघातासाठी असलेली सुरक्षा विमा योजना घ्या. प्रत्येकी 2 लाखांचे हे संरक्षण पुरेसे नसले, तरी ते लगेच सुरू करता येते. जुना विमा नवा हाती आल्यावरच सोडा.

आता पुन्हा गवताकडे येतो, कारण खरेदी चुकली तर वरचा हिशेब कोलमडतो. गवत भाऱ्यांच्या संख्येवर न घेता काट्यावर वजन करून घ्या, आणि भाऱ्याच्या मध्यभागी हात घालून पाहा. आत ऊब, ओल किंवा कुबट वास असेल, तर तो भारा परत करा. 9 टनांत दहा टक्के जादा ओल असली, तर तुम्ही 8 हजार रुपये पाण्याचे मोजले असे होते. बुरशी लागलेले गवत गाय काही अंशी सोसते. घोड्याला उलटी करता येत नाही, त्याला पोटशूळ उठतो आणि छातीचा विकार जडतो. त्या उपचारांपुढे भावातली बचत टिकत नाही. भाताचा पेंढा स्वस्त आहे म्हणून गवत पूर्ण बंद करून तोच घालण्याचा मोहही टाळा. त्यात पोषण कमी असते आणि नुसत्या पेंढ्याने घोड्याचे पोट बांधते. थोडा मिसळायचाच असेल, तर जनावरांच्या डॉक्टरांना विचारून आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवा.

साठवणीबाबत तुमच्या पडवीचा उल्लेख वाचून चिंता वाटली. मे अखेरपर्यंतचे 6 टन पडवीत, ताडपत्रीखाली राहू शकतील, मात्र जमिनीपासून हातभर उंच, चुलीपासून दूर आणि शक्यतो दोन ठिकाणी विभागून, कारण फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडे वणव्यांचा धोका असतो. पावसाळ्याच्या 3 टनांसाठी मात्र भिंतींची, पक्क्या छपराची खोली हवी. दाबून बांधलेल्या गठ्ठ्यांना 10 फूट लांब, 8 फूट रुंद आणि 10 फूट उंच जागा पुरते. ती नसेल तर भाड्याने घ्या. तेही जमत नसेल, तर तेवढे 3 टन घेऊच नका.

जास्तीचे गवत विकण्याचा विचार सोडून द्या. मे महिन्यात ज्यांना गवत लागेल, ते तुमच्याच किनाऱ्यावरचे घोडेवाले आहेत. त्यांचा हंगाम तेव्हा संपत आलेला असेल आणि ते उधारीवर मागतील. शेजाऱ्याकडून पावसाळ्यात वसुली करणे तुम्हाला जमणार नाही, आणि जमू नये असेच मला वाटते.

81 हजारांच्या खरेदीनंतर खात्यात 19 हजार उरतात. जानेवारीपासून मेपर्यंत दरमहा 12 हजार वेगळ्या आवर्ती ठेवीत टाका. जूनमध्ये 60 हजार जमतील, समर्पण मूल्य आले की तेही त्यातच ठेवा, आणि पुढच्या नोव्हेंबरचे गवत त्या खात्यातून घ्या. पाटल्या घरीच राहू द्या, आणि मार्चच्या हप्त्यासाठी बँकेला दिलेली आपोआप कपातीची सूचना याच आठवड्यात लेखी अर्ज देऊन, पोच घेऊन थांबवा.