नाथसागरात, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयात, पहिल्यांदा होडी घालताय?

भाऊ, होडीत बसून ध्यान करायचं मनात असलं तरी पहिल्याच दिवशी त्या फंदात पडू नका. आधी लाइफ जॅकेट. पोहता येत असलं तरी अंगात घालून, पट्टे आवळून. जायकवाडी पक्षी अभयारण्य आहे, तेव्हा वनखात्याला विचारूनच उतरा.

पहाटे निघा. ऊन चढलं की वारा उठतो, अन् एवढ्या उघड्या पाण्यात लाटा आडव्या येतात. काठाकाठानंच फिरा.

नवे लोक सारखं वल्हवत राहतात, हीच मोठी चूक. थोडं गेलात की वल्हं आडवं ठेवा, निवांत बसा. मन भटकलं तर होडीला लागणारं पाणी ऐका, बस्स. फोन पिशवीत! हिवाळ्यात रोहित पक्षी (फ्लेमिंगो) दिसले तर फोटोसाठी जवळ जाऊ नका, थवा उडतो.

श्वास मोजणं वगैरे पुढच्या खेपेला बघू.