बहीण १९ वर्षांची आहे, बास्केटबॉल सोडून रग्बीत जायचं म्हणते, उशीर झालाय का? आणि ती जिचं नाव सारखं घेते ती चिहारु नाकामुरा कोण?

उशीर अजिबात झालेला नाही, आणि बहिणीने नाव पण अगदी बरोबर घेतलंय, कारण नाकामुरा ही जपानची रग्बी खेळाडू स्वतः बास्केटबॉलमधूनच आलेली आहे. मी कामानिमित्त बरीच वर्षं जपानमध्ये राहते आणि जमेल तेव्हा ग्राउंडवर जाऊन बायकांचं रग्बी बघते, म्हणून जरा सविस्तर लिहिते, घरच्यांनाही वाचून दाखवा.

तिचा जन्म १९८८ चा, टोकियोच्या शेजारच्या कानागावाचा. लहानपणापासून बास्केटबॉल, रग्बी हातात आलं ते कॉलेजच्या वयात. मग २००९ मध्ये ठरलं की सेव्हन्स रग्बी (सात-सात खेळाडूंचं, सात-सात मिनिटांचे दोन हाफ) २०१६ च्या ऑलिम्पिकमध्ये येणार, पुरुषांचं आणि बायकांचं दोन्ही. जपानमध्ये तेव्हा मुलींचं रग्बी अगदी थोडं होतं, मग दुसऱ्या खेळांतल्या चांगल्या मुली इकडे वळल्या. बास्केटबॉलवालीला धावता धावता बॉल पकडणं, समोरच्याला पायांनी चकवणं, मोकळी जागा दिसणं हे आधीच येत असतं. नव्याने शिकायचं ते मागे पास देणं आणि टॅकल, म्हणजे बॉल घेऊन पळणाऱ्याला धरून खाली पाडणं. टॅकलमध्ये डोकं नेमकं कुठे ठेवायचं हे बहिणीला पहिल्या दिवसापासून नीट शिकवणारा कोच बघा, बाकी सगळं हळूहळू येतं.

रिओ २०१६ ला ती जपानची कॅप्टन होती. आणि तिथे जे झालं ते बघून मला खरंच वाईट वाटलं होतं. कॅनडाकडून ०-४५, ब्रिटनकडून ०-४०, मग ब्राझीलकडून १०-२६. केनियाला हरवलं आणि नवव्या नंबरच्या मॅचला पुन्हा समोर ब्राझील, पुन्हा हरले, म्हणजे शेवटी दहावे. त्याच आठवड्यात जपानच्या पुरुषांनी न्यूझीलंडला हरवलं आणि चौथे आले, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष तिकडे. कॅप्टन म्हणून हे सगळं पचवून ती थांबली नाही ही गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते.

एशियन गेम्सचंही सांगते कारण त्यातून हा खेळ कळतो. २०१४ ला इंचॉनमध्ये फायनल चीनविरुद्ध, जपान १२-१४ ने हरला. २०१८ ला जकार्तामध्ये पुन्हा फायनल, पुन्हा चीन, या वेळी जपान ७-५ ने जिंकला आणि गोल्ड. आकडे नीट बघा, ट्रायचे (बॉल समोरच्यांच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवणं) पाच पॉइंट आणि त्यानंतरच्या किकचे दोन, म्हणजे दोन्ही वेळा ट्राय सारखेच आणि फरक फक्त एका किकचा. सेव्हन्समध्ये ही किक बॉल जमिनीवर ठेवून मारता येत नाही, हातातून सोडायचा, टप्पा पडून वर येतोय तेवढ्यात मारायचा, तेही पळून पळून छाती भरून आलेली असताना आणि वेळ मोजकाच. मी एकदा इथल्या एका टुर्नामेंटमध्ये अगदी कुंपणाला टेकून बघत होते, किक मारणाऱ्या मुलीच्या मनगटावरच्या पांढऱ्या टेपवर मार्करने काहीतरी लिहिलेलं होतं, तिने ते वाचलं, बॉल दोन्ही हातांत फिरवून शिवण पुढे आणली, आणि सोडला. बॉलचा टप्पा पडल्याचा आवाजसुद्धा ऐकू आला इतकं शांत होतं. चार वर्षांची मेहनत त्या एका टप्प्यावर असते.

मग टोकियो. घरचं ऑलिम्पिक, कोविडमुळे २०२१ मध्ये झालेलं, आणि टीममध्ये तिचं नावच नाही. वय ३३. बहुतेक जण इथे थांबले असते आणि कोणी काही म्हटलंही नसतं. जपानच्या मुली त्या वेळी पाचही मॅच हरल्या, बाराव्या म्हणजे शेवटच्या आल्या, आणि शेवटची मॅच कोणाविरुद्ध तर ब्राझीलविरुद्ध.

रिओनंतरच्या काळात तिने अजून एक काम केलं होतं ज्याबद्दल फार कमी बोललं जातं. फुकुओका प्रांतातल्या कुरुमे शहरात तिने मुलींची टीमच उभी केली, नानाइरो प्रिझम फुकुओका नावाची, नानाइरो म्हणजे सात रंग. तिथे ती मॅनेजरही होती आणि खेळाडूही. जपानमध्ये मुलींना शाळेनंतर रग्बी खेळायचं तर टीम शोधताना दमछाक होते, बऱ्याच जणी दिवसा नोकरी करून संध्याकाळी प्रॅक्टिस करतात, त्यामुळे टोकियोपासून इतक्या लांब एक टीम उभी राहणं ही साधी गोष्ट नाही. घरच्यांना पैशाची काळजी असेल तर ती रास्त आहे, या खेळात बायकांना अजून फार पैसा नाही, बहिणीने शिक्षण सोडू नये हे मी स्पष्टच सांगेन.

आणि २०२४ ला पॅरिसच्या टीममध्ये नाकामुराचं नाव परत आलं. ३६ व्या वर्षी, तेही सेव्हन्समध्ये, जिथे विशीतल्या मुलींना दुसऱ्या दिवशी पाय उचलत नाहीत. मी ती लिस्ट दोनदा वाचली. ग्रुपमध्ये अमेरिका आणि फ्रान्सकडून हरले पण ब्राझीलला हरवलं, पुढे दक्षिण आफ्रिकेला हरवलं, आणि शेवटी पुन्हा नवव्या नंबरची मॅच, रिओसारखीच, आणि समोर पुन्हा ब्राझील. या वेळी जपान जिंकला. नववा नंबर, जपानच्या मुलींचा ऑलिम्पिकमधला आजवरचा सगळ्यात चांगला.