रविवारी गोठ्यावर येणार आहेस म्हणून

अरे पोरा,

काल गंगावेशीत दूध कट्ट्यावर तुझी आई भेटली, म्हणाली येतो तर म्हणालाय पण दोन रात्री झोपला नाही. तुला फोनवर बोलायला नको वाटतं ते माहितेय, म्हणून लिहितोय, सावकाश वाच.

पहिले काही रविवार एक ताई पूर्णवेळ तुझ्यासोबत असणार, तू अडलास की सांगायला. काम मात्र तूच करायचं. गेल्या वर्षी एक पोरगा खुरपायला बसला की हळू करतोय म्हणून मी त्याच्या हातातलं खुरपं काढून घ्यायचो, मदतच की असं वाटायचं मला, तिसऱ्या रविवारी तो आलाच नाही. अजून बोचतं ते. तेव्हापासनं एक खूण ठरवलीय, दमलास, गोंगाट सहन होईना, काहीही झालं की शेणाची पाटी पालथी घालून चिंचेखाली जाऊन बसायचं. कोणी काही विचारणार नाही. तासाभरात घरी गेलास तरी चालतंय.

म्हशीजवळ मागनं जायचं नाही, बिचकली की लाथ घालते. बाजूनं, तोंडानं हा हा करत जा, म्हणजे तिला कळतं कोण येतंय. रेडकाला वैरण टाकताना ते तुझा हात चाटणार, जीभ नुसती कानस असते, पहिल्यांदा दचकशील. हाताला जखम असेल तर चाटू देऊ नकोस, आणि निघताना साबणानं हात धुवायचेच. गोठ्यावरचं कुत्रं गरीब आहे तसं, पण चावलं किंवा नुसतं ओरखडलं तरी लपवायचं नाही हां, साबण लावून नळाच्या धारेखाली 15 मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी सीपीआरला, म्हणजे सरकारी दवाखान्यात, रेबीजची लस घ्यायला जायचं, मी येतो बरोबर. पावसात गमबूट घालायचेच, पायाला भेगा असल्या आणि उंदरा-जनावरांच्या मुताचं पाणी लागलं की लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप, होऊ शकतो.

वाफ्यात तुझ्यासाठी मेथी ठेवलीय. मुद्दाम मेथीच, कारण तीन-चार दिवसांत कोंब दिसतात आणि महिन्याभरात भाजी घरी नेता येते, आंबा लावून पाच वर्षं वाट बघायला लावली तर मीसुद्धा पळून जाईन. शेण ताजं टाकू नको, मुळं करपतात, कोपऱ्यातल्या ढिगातलं काळं भुसभुशीत झालेलं घे, वास येत नाही त्याला. पाणी द्यायच्या आधी मातीत बोट घालून बघ, ओलं लागलं तर झारी खाली ठेव. मी आधी उत्साहात रोज ओतायचो, अख्खा वाफा कुजवला, बायको अजून बोलून दाखवते.

साडेसातला ये, जुनी पँट घाल. नाश्ता करूनच ये, इथं नुसता चहा मिळतो. आणि दारातली पहिली म्हैस जरा ढुशी मारते, तिच्या पलीकडनं आत ये.

काका