वाचकांचे प्रश्न : बीजगणिताचे सॉफ्टवेअर घडवणारी कार्यशाळा

प्रश्न : मी बीजगणितीय भूमितीत संशोधन करते. ‘मॅकॉले-टू’ या संगणक-बीजगणित प्रणालीत भर घालण्यासाठी आठवडाभराची कार्यशाळा भरणार असून माझ्या मार्गदर्शकांनी मला तिथे जाण्यास सुचवले आहे. पाच-दहा ओळींपलीकडे प्रोग्रॅम लिहिण्याची मला सवय नाही. माझ्यामुळे इतरांच्या कामात खोळंबा तर होणार नाही ना?

उत्तर : आपण अवश्य जावे. या प्रणाली मुळात गणितज्ञांनीच स्वतःच्या गरजेपोटी उभारल्या आहेत. गटसिद्धांतासाठीचे ‘गॅप’ १९८६ मध्ये जर्मनीतील आखेन येथे सुरू झाले. मॅकॉले-टूचे काम डॅनियल ग्रेसन आणि मायकेल स्टिलमन यांनी १९९३ मध्ये हाती घेतले. विल्यम स्टाइन यांनी २००५ मध्ये ‘सेज’ ही गणिताच्या अनेक शाखांसाठीची प्रणाली प्रसिद्ध केली आणि पुढच्याच वर्षी ‘सेज डेज’ या कार्यशाळा भरू लागल्या. मॅकॉले-टूचा गाभा सी प्लस प्लस या प्रोग्रॅमिंग भाषेत असला, तरी त्यावरची बहुतेक पॅकेजेस, म्हणजे एकेका विषयासाठीचे जोड-प्रोग्रॅम, त्या प्रणालीच्या स्वतःच्या भाषेत लिहिलेली असतात. ज्या भाषेत आपण उदाहरणे सोडवता, तीच तिथे वापरायची असते.

पहिल्या दिवशी सहसा प्रकल्प मांडले जातात आणि लहान लहान गट पडतात. आपल्यासारख्यांची गरज कुठे लागते, ते एका उदाहरणातून सांगतो. समजा, समीकरणांच्या उकली मोजणारे फंक्शन लिहायचे आहे आणि चाचणीसाठी दोन बहुपदी घेतल्या आहेत : क्षचा वर्ग वजा य, आणि क्ष गुणिले य वजा १. पहिलीला यने आणि दुसरीला क्षने गुणून एकीतून दुसरी वजा केली की वरचे पद उडते आणि क्ष वजा यचा वर्ग एवढेच उरते. याचा अर्थ क्ष म्हणजे यचा वर्ग. ही किंमत दुसऱ्या बहुपदीत घातली की यचा घन वजा १ मिळतो. ब्रुनो बुखबर्गर यांनी १९६५ च्या प्रबंधात मांडलेल्या पद्धतीचे हे सर्वांत छोटे रूप आहे आणि हाती आलेल्या संचाला त्यांच्या मार्गदर्शकांच्या नावावरून ग्रोब्नर आधार म्हणतात.

संमिश्र संख्यांवर या समीकरणांच्या तीन वेगवेगळ्या उकली आहेत. आता हीच समीकरणे कॅरॅक्टरिस्टिक ३ असलेल्या फील्डवर, म्हणजे जिथे १ अधिक १ अधिक १ बरोबर शून्य होते अशा संख्याव्यवस्थेवर, घ्या. तिथे यचा घन वजा १ म्हणजेच य वजा १ याचा घन होतो, आणि तीन उकलींच्या जागी एकच उकल तीन पट गणली जाते. केवळ घातांकावरून मोजणारे फंक्शन मात्र तिथेही ‘तीन’ असेच उत्तर देईल. हे उत्तर बरोबर की चूक, हे पुनरावृत्ती धरायची की नाही यावर ठरते, आणि तो निर्णय फंक्शनच्या माहितीत स्पष्ट लिहिलेला नसेल तर वापरणाऱ्याच्या प्रमेयात चूक शिरू शकते. सफाईने कोड लिहिणाऱ्या सहकाऱ्याला हा प्रश्न सुचेलच असे नाही. आपल्याला तो सुचायला हवा. माझ्या मते अशा अडचणीच्या उदाहरणांची वही घेऊन जाणे ही आपली सर्वांत उपयुक्त तयारी ठरेल. त्याखेरीज कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या ‘गिट’ची प्राथमिक ओळख करून घ्यावी आणि प्रणाली आपल्या संगणकावर आधीच बसवून ठेवावी, कारण पहिली दुपार बहुधा त्यातच जाते.

प्रश्न : एकाच पॅकेजवर अनेक जण एकाच वेळी लिहीत असतील, तर उत्तरांवर विश्वास कसा ठेवावा?

उत्तर : प्रत्येक जण आपल्या स्वतंत्र शाखेत, म्हणजे कोडच्या वेगळ्या प्रतीत, लिहितो आणि दुसऱ्याने वाचून तपासल्यावरच ते काम मुख्य प्रतीत घेतले जाते. खरी भिस्त चाचण्यांवर असते. सेजमध्ये फंक्शनच्या माहितीत दिलेली उदाहरणेच चाचणी म्हणून पुन्हा चालवली जातात, त्यामुळे माहिती आणि कोड यांची फारकत झाली की ती लगेच उघडकीस येते. चाचणी लिहितानाही विचार लागतो. कोणते पद वरचे धरायचे हा क्रम बदलला की ग्रोब्नर आधार बदलू शकतो, म्हणून बहुपदींच्या यादीची तुलना करण्यापेक्षा दोन्ही याद्यांमधून तोच आयडियल (यादीतील बहुपदींना इतर बहुपदींनी गुणून आणि बेरजा करून मिळणाऱ्या सर्व बहुपदींचा संच) तयार होतो का, हे तपासावे. प्रोग्रॅमने काल दिलेले उत्तर आजच्या चाचणीत ‘अपेक्षित’ म्हणून डकवणे मला मान्य नाही, कारण त्यामुळे कालची चूक कायम होते. निदान एक उत्तर तरी हाताने काढलेले किंवा दुसऱ्या प्रणालीतून पडताळलेले असावे. उदाहरणे लहानच ठेवावीत. अर्न्स्ट माय्र आणि आल्बर्ट मेयर यांनी १९८२ मध्ये दाखवल्याप्रमाणे काही आयडियलांच्या बाबतीत ग्रोब्नर आधार काढण्याचे काम चलांच्या संख्येबरोबर अफाट वाढते, आणि चाचण्या तर प्रत्येक बदलानंतर चालवायच्या असतात.

प्रश्न : अशा कामाचे श्रेय संशोधक म्हणून मिळते का?

उत्तर : मिळते, पण मागावे लागते. ‘जर्नल ऑफ सॉफ्टवेअर फॉर अल्जिब्रा अँड जॉमेट्री’ हे नियतकालिक लेखाबरोबर कोडचेही परीक्षण करवून घेते. पॅकेजच्या लेखकांत कोणाची नावे येणार आणि कार्यशाळेनंतर उरलेले काम कोण पूर्ण करणार, हे गट पांगण्यापूर्वी लेखी ठरवून घ्यावे. अर्धवट राहिलेली शाखा मुख्य प्रतीत जात नाही, म्हणून आठवड्यात संपेल एवढेच एखादे फंक्शन निवडणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.