हस्तकलेच्या मासिकांना प्रोजेक्ट आणि लेखक मिळतात कुठून?

क्रोशे-भरतकामाच्या मासिकांना नवनवे नमुने कोण देतं विचारलंय ना, बरेचसे संपादकच शोधतात, प्रदर्शनात, इन्स्टाग्रामवर, आणि बाकीचे लोक स्वतःहून पाठवतात, फक्त अंक साधारण चार-सहा महिने आधी ठरतो, म्हणून चतुर्थीचं डेकोरेशन मार्चमध्येच पाठवायचं, ऑगस्टमध्ये पाठवून उपयोग नाही. दिवसाच्या उजेडातला फोटो, सुईचा नंबर, धागा किती लागला आणि पायऱ्या एवढं लिहा. आणि हो, डिझाईन स्वतःचंच हवं, आधी कुठे छापलेलं नको!

मला विचाराल तर आपल्या गोव्याच्या देवळांतली कावी घ्या, चुन्याच्या ओल्या गिलाव्यावर तांबडा थर देऊन तो खरवडून पांढरी नक्षी काढतात ती, तांबड्या कापडावर पांढऱ्या धाग्यानं इतकी सुंदर उठते, संपादक नक्की थांबून बघणार.