दुबईच्या पीआर एजन्सीत बाहेरचा माणूस वरपर्यंत जातो का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: मुंबईत पीआर (जनसंपर्क) एजन्सीत आठ वर्षं काम केलं, आता दुबईहून सीनियर अकाउंट मॅनेजरची ऑफर आलीय, अरबी येत नाही. तर तिथे कधी कंपनी चालवण्यापर्यंत मजल जाईल, की मधल्या फळीतच आयुष्य जाईल? मी बरीच वर्षं याच शहरात, याच धंद्यात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मजल जाते, आणि त्याचं सगळ्यात ठळक उदाहरण भारतीय माणसाचंच आहे. सुनील जॉन यांनी २००० साली दुबईत अस्दा ही एजन्सी काढली. तो काळ लक्षात घ्या. इंटरनेट सिटी नुकतीच सुरू झाली होती, २००१ मध्ये मीडिया सिटी उघडली आणि रॉयटर्स, सीएनएन, एमबीसी अशी मोठी नावं दुबईत आली. अशा फ्री झोनमध्ये, म्हणजे धंद्याचे वेगळे नियम असलेल्या खास भागांत, परदेशी माणसाला पूर्ण मालकी मिळत होती. बाहेर मात्र बहुतेक धंद्यांत ५१ टक्के हिस्सा स्थानिक भागीदाराचा, हा नियम थेट २०२१ मध्ये सैल झाला. शहराला जगासमोर स्वतःची ओळख मांडायची होती आणि ते काम जाणणारी माणसं थोडी होती. २००८ मध्ये बर्सन-मार्स्टेलर या जुन्या अमेरिकी पीआर कंपनीने अस्दामध्ये मोठा हिस्सा घेतला, आणि एका भारतीयाने उभी केलेली एजन्सी जागतिक जाळ्याचा भाग झाली.

पण योग्य वेळी योग्य शहरात असणं एवढ्यावर हे झालं असं मला वाटत नाही. त्याच २००८ साली त्यांनी अरब युथ सर्व्हे सुरू केला. अरब देशांतल्या १८ ते २४ वयाच्या मुलामुलींना प्रत्यक्ष भेटून प्रश्न विचारायचे, आणि अहवाल अरबी आणि इंग्रजीत सगळ्यांसाठी खुला ठेवायचा. २०२३ च्या पाहणीत १८ देशांतल्या ३,६०० तरुणांशी बोलणं झालं होतं. अरब देशांतल्या सरकारविरोधी उठावांची ठिणगी ट्युनिशियात पडली ती डिसेंबर २०१० मध्ये. म्हणजे हे तरुण काय मागतायत हे अरब जगाबाहेर फारसं कुणी विचारत नव्हतं, तेव्हापासून ही एजन्सी विचारत होती. २०१२ च्या अहवालात चांगला पगार आणि स्वतःचं घर या इच्छा लोकशाहीच्या पुढे गेल्या, तेव्हा त्यावर देशोदेशी चर्चा झाली.

मी यावर इतकी रेंगाळतेय, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. आपल्या धंद्यात एजन्सी बहुतेक वेळा दोनच गोष्टी विकते: माणसांचे तास आणि ओळखी. ओळखींच्या बाबतीत बाहेरून आलेला माणूस कायम मागे राहणार. ज्याचा मामा वर्तमानपत्रात आहे आणि ज्याच्या वर्गातला मुलगा मंत्रालयात आहे, त्याच्याशी तुम्ही ओळखींवर स्पर्धा करूच नका. पण या प्रदेशाबद्दल असं काही तुमच्याकडे असेल, जे बँकेला, विमान कंपनीला, सरकारी खात्याला दुसरीकडे मिळत नाही, तर तुमचं मूळ गाव कुठलं हे कुणी विचारत नाही. बाहेरचा माणूस सगळ्यांना तेच प्रश्न नव्याने विचारू शकतो. हा त्याचा खरा फायदा आहे आणि आपली बरीच मंडळी तो वापरतच नाहीत.

तुम्ही म्हणाल, ते संस्थापक, मी नोकरदार. मग नोकरीतून वर गेलेल्या माणसाचं उदाहरण घ्या. कॅनडाचे बॉब पिकार्ड सोलमध्ये एडेलमन या मोठ्या पीआर कंपनीची कोरियातली शाखा चालवत होते, तिथून टोकियोत उत्तर आशियाची जबाबदारी, आणि २०१० मध्ये सिंगापूरला बर्सन-मार्स्टेलरच्या आशिया-पॅसिफिकचं प्रमुखपद. हेडक्वार्टरमध्ये बसून ते वर गेले नाहीत; एका देशातला कारभार आधी उभा केला, मग पुढचा प्रदेश मिळाला. परदेशी माणसाला खुर्ची मिळते ती बहुधा अशीच, नफातोट्याचा एक तुकडा स्वतःच्या अंगावर घेऊन.

आता रोजच्या कामाचं. अरबी येत नाही म्हणून अडत नाही, पण अरबी नंतर बघू असं म्हणणारा अडतो. प्रेस नोट इंग्रजीत लिहून संध्याकाळी भाषांतराला टाकायची, ही सवय मुंबईहून घेऊन येऊ नका. अल बयान, अल खलीज, इमारात अल यौम या अरबी दैनिकांच्या संपादकांना तसला मजकूर पहिल्या ओळीत कळतो. अरबी सहकारी क्लायंटच्या पहिल्या मीटिंगपासून टेबलावर हवा, आणि बोलायला तुमच्या आधी हवा. राज्यकर्त्यांच्या पदव्या कुठल्या क्रमाने येतात, फोटोओळीत कुणाचं नाव आधी, हे वाम या सरकारी वृत्तसंस्थेच्या बातम्या रोज वाचून शिका. इथे एका चुकीच्या क्रमाने वर्षभराची मेहनत पाण्यात जाऊ शकते.

दुसरा धोका आपल्याच माणसांचा आहे. तुम्ही भारतीय, म्हणून तुमच्याकडे भारतीय अकाउंट, म्हणजे भारतीय क्लायंटची कामं, येतील: सराफी पेढ्या, मुंबई-पुण्यात फ्लॅट विकायला येणारे बिल्डर, शाळांचे समूह, बॉलिवूडचे कार्यक्रम. क्लायंट हिंदीत बोलतात, कव्हरेज सहज मिळतं, बॉस खूश असतो. आणि पाच वर्षांनी लक्षात येतं की एकाही सरकारी किंवा अरब कंपनीच्या पिचमध्ये, म्हणजे काम मिळवण्यासाठीच्या सादरीकरणात, तुमचं नाव नव्हतं. एक भारतीय अकाउंट घ्या, पण त्याच्याबरोबर एक स्थानिक अकाउंट मागून घ्या, दुय्यम भूमिका असली तरी चालेल. हे संकोच न करता बोला. न मागता ते कुणी देत नाही, विशेषतः आपल्या मुलींना.

टिकून राहण्याला इथे फार किंमत आहे. नोव्हेंबर २००९ मध्ये ईदच्या सुट्टीच्या तोंडावर दुबई वर्ल्ड या सरकारी कंपनीने कर्जफेडीला मुदत मागितली आणि जगभरचे बाजार हादरले. रिटेनर, म्हणजे क्लायंटकडून एजन्सीला नियमित मिळणारी ठरलेली फी, कापले गेले, अनेक परदेशी सीनियर सामान बांधून निघून गेले. त्या वर्षी जे क्लायंटच्या बाजूला उभे राहिले, त्यांतले कितीतरी जण पुढे विभागप्रमुख झालेले मी पाहिलेत. दर दोन वर्षांनी पदनाम वाढवण्यासाठी एजन्सी बदलणारे हुशार लोकही पाहिलेत. ते डायरेक्टरपाशी थांबतात, कारण वाईट काळात त्यांनी काय केलं हे सांगणारा एकही क्लायंट त्यांच्याकडे नसतो.

मर्यादाही स्पष्ट सांगते. सरकारी खात्यांतली संवादाची मुख्य पदं इथल्या नागरिकांकडे जातात, आणि तसंच असायला हवं. एजन्सीत चित्र मिश्र आहे. लेबनीज, ब्रिटिश, भारतीय, इजिप्शियन सगळे वर दिसतात. पण सत्तेचा काटा रियाधकडे सरकतोय. १ जानेवारी २०२४ पासून सौदी सरकारची कंत्राटं हवी असणाऱ्या परदेशी कंपनीचं प्रादेशिक मुख्यालय सौदीत असावं लागतं, थोडे अपवाद वगळता. त्यामुळे एजन्सीने रियाधला जाणार का असं विचारलं तर घाईने नाही म्हणू नका. तिथे जाऊन चार सौदी मुलामुलींना तयार करणारा माणूस एजन्सीला मोलाचा वाटतो.

ऑफर लेटरकडे वळा. त्यात मूळ पगार किती आणि भत्ते किती, हे आधी पाहा. ग्रॅच्युइटी मूळ पगारावर मोजतात, पहिली पाच वर्षं दर वर्षाला २१ दिवसांचा, पुढे ३० दिवसांचा. मूळ पगार मुद्दाम कमी दाखवला असेल तर तिथेच घासाघीस करा. प्रतिस्पर्ध्याकडे न जाण्याची अट कायद्याने जास्तीत जास्त दोन वर्षांची असू शकते, पण पीआरमध्ये दोन वर्षं म्हणजे फार झालं. सहा महिन्यांवर आणायला सांगा. आणि मुलाखतीत एक प्रश्न नक्की विचारा: माझी पहिली तीन अकाउंट कुठली असतील? तिन्ही भारतीय निघाली, तर पगार कितीही असला तरी मला परत लिहा, मग सही करायची की नाही ते बोलू.