नसलेला जळका वास येतो, 'हे आधी घडलंय' असं वाटतं, मला मिरगी आहे का?

तुम्ही लिहिलंय की डॉक्टरच्या आधी मेव्हण्यानेच निदान सांगून टाकलं. आमच्याकडे हे काम दादाने केलं म्हणून लिहितेय.

डिप्रेशनच्या गोळ्या चालू होत्या, चुलत बहिणीच्या साखरपुड्यात वाढत होते आणि एकदम दूध करपल्याचा वास, धावत आत गेले तर गॅस बंद, पातेलंच नाही, आणि बाहेर आले तर सख्ख्या आत्या अनोळखी बायका वाटायला लागल्या. दादाने रात्रभर मोबाईल चाळून सकाळी जाहीर केलं, टेम्पोरल लोबची (मेंदूच्या कानाजवळच्या भागाची) मिरगी आहे, मानसिक-बिनसिक काही नाही. केवढा खूश! माझी स्थळं बघणं चालू होतं ना. 1999 ला हिंदू विवाह कायद्यातल्या लग्नाला आड येणाऱ्या आजारांतून मिरगी वगळली, मानसिक आजार अजून त्यात आहे, हे त्याला बरोब्बर ठाऊक होतं.

दोन ईईजी (मेंदूतल्या विजेचा आलेख) झाले, दुसरा रात्रभर जागवून, मग एमआरआय. सगळं क्लीन. न्यूरोलॉजिस्टने विचारलं, दर वेळी डिट्टो तसंच होतं का, मधली मिनिटं गळतात का, आणि आईला विचारलं ही तेव्हा टक लावून बघते का, तोंड चघळल्यासारखं करते का. माझं कधी दूध तर कधी रबर, आठवतं सगळं, आणि आधीच्या दोन रात्री झोप नसायचीच, म्हणजे फिटच्या या खुणा माझ्यात नव्हत्या. तुम्हीही हेच बघा.

वास आणि स्वप्नात असल्यासारखं वाटणं ही फिट असू शकते हे ह्यूलिंग्ज जॅक्सन या इंग्रज न्यूरोलॉजिस्टने एकोणिसाव्या शतकातच लिहून ठेवलंय, म्हणून वास म्हटलं की गूगल थेट तिथेच नेतं. पण कॅनडातल्या पर्सिंजर या मानसशास्त्रज्ञाने 1980 च्या दशकात धडधाकट पोरांना प्रश्नावल्या दिल्या तर त्यांच्यातही असले अनुभव निघालेच. देजा व्हू, म्हणजे 'हे आधी घडलंय' असं वाटणं, तर तीनातल्या दोघांना होतं. डिप्रेशन, पॅनिकवाल्यांना असलं जास्त होतं, त्यासाठी मिरगी असावी लागत नाही.

हां, ईईजी क्लीन म्हणजे मिरगी नाहीच असं नाही, आणि डिप्रेशन व मिरगी दोन्ही एकत्रही असू शकतात, तेव्हा न्यूरोलॉजिस्टला दाखवाच. घरच्यांना व्हिडिओ काढायला सांगा. भान जात असेल तर गाडी चालवू नका. आणि मेव्हण्याला रिपोर्ट दाखवू नका, आमचा दादा अजून पाहुण्यांना सांगतो की हिला फिट यायच्या, आता बरी आहे.